आफ्रो-लॅटिनो म्हणजे कोण? भिवंडीत विचारलेला एक प्रश्न

कल्याणहून निघालेली एस.टी. दुर्गाडीचा पूल ओलांडते, कोनगाव मागे टाकते आणि राजनोली नाक्यावर मुंबई-नाशिक महामार्गाला भेटते. तिथून पुढे रस्ता मोकळा मिळाला तर नशीबच म्हणायचे! कंटेनर, टेम्पो, रिक्षा आणि कापडाच्या ताग्यांनी वाकलेल्या हातगाड्या यांच्या गर्दीतून वाट काढत गाडी कल्याण नाक्यावर येते. भिवंडी डोळ्यांना दिसण्याआधी कानांना ऐकू येते. गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट. पूर्वी हा आवाज रात्रंदिवस असे. आता मंदीने कित्येक माग भंगारात गेले आहेत आणि तरुण मुले राहनाळ, वळ, मानकोलीच्या बाजूला झालेल्या मोठमोठ्या गोदामांत पार्सले उचलायला जातात. तरीही भिवंडी म्हटले की माग आणि मागावरचा कामगार, ही ओळख पुसली गेलेली नाही.

वाचकहो, या गावाची आणखी एक ओळख आहे. इथे एका नावावर भागेल असा माणूस क्वचितच भेटतो. निजामपुऱ्यात जा. तिथले जुने रहिवासी कोकणी मुसलमान. घरात बोलतात ती कोकणी बोली, आपल्या मराठीचीच सख्खी बहीण. 'मुसलमान' एवढेच म्हटले तर त्यांचे कोकणीपण सुटते, 'कोकणी' एवढेच म्हटले तर धर्म सुटतो. म्हणून ते दोन्ही शब्द लावतात. पद्मानगरात जा. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, बाजारात हिंदी आणि त्यांची पोरे आपल्याइतकीच अस्खलित मराठी. आजूबाजूच्या गावांतून आगरी, कुणबी, आदिवासी. उत्तर प्रदेशातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेले मोमीन अन्सारी विणकर. आणि या सगळ्यांच्या मध्ये आपल्या वस्त्या, आपले विहार, पंचशील ध्वज लावलेली दारे.

अशाच एका वस्तीतल्या विहारात रविवारच्या वर्गाला बसण्याचा योग आला. वर्ग संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात मोबाइल होता. एका परदेशी गायिकेचा फोटो आणि खाली तिची ओळख. मुलीने विचारले, "काका, हिने स्वतःला आफ्रो-लॅटिना म्हटलंय. म्हणजे ही आफ्रिकेची की अमेरिकेची? दोन्हींतलं एक काहीतरी असेल ना?"

प्रश्न साधा वाटतो. पण भिवंडीसारख्या गावात राहणाऱ्या आणि आपल्या घरात जन्मलेल्या मुलीने तो विचारला म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कारण "दोन्हींतलं एक काहीतरी" हा आग्रह जगातल्या पुष्कळ माणसांना छळत आला आहे. त्यात आपणही आहोत.

गुलामांची जहाजे कुठे गेली?

प्रथम शब्द समजून घेऊ. अमेरिका खंडाच्या ज्या भागावर स्पेन आणि पोर्तुगालने राज्य केले, त्या मेक्सिकोपासून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंतच्या प्रदेशाला लॅटिन अमेरिका म्हणतात. क्युबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक ही बेटेही त्यातच. तिथल्या माणसाला, विशेषतः तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन राहिला की, 'लॅटिनो' म्हणतात, स्त्रीला 'लॅटिना'. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की लॅटिनो हा कातडीचा रंग नाही. तो मुलूख आणि भाषा सांगणारा शब्द आहे. लॅटिनो माणूस गोरा असू शकतो, तिथला मूळ आदिवासी असू शकतो, काळा असू शकतो, किंवा या सगळ्यांच्या रक्ताचा असू शकतो. ज्याचे पूर्वज आफ्रिकेतून आले तो आफ्रो-लॅटिनो.

आता हे पूर्वज आले कसे? हौसेने नव्हे. साखळदंडात. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांची कथा आपल्याला ठाऊक असते, कारण महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ते पुस्तक अमेरिकेत निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पण त्या जहाजांचा हिशेब पाहिला की मन थक्क होते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यातली सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली. बाकीची समुद्रातच संपली. जी उतरली त्यातली आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर थेट आणलेली किती? सुमारे चार लाख. आणि एकट्या ब्राझीलमध्ये? सुमारे अठ्ठेचाळीस लाख!

म्हणजे गुलामगिरीचा सर्वांत मोठा भार वाहिला तो लॅटिन अमेरिकेने आणि भोवतालच्या बेटांनी. ऊस, कॉफी, सोन्याच्या खाणी यांत ही माणसे झिजली. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ साली, ब्राझीलमध्ये १८८८ साली. बाबासाहेबांचा जन्म १८९१चा. ते जन्मले तेव्हा ब्राझीलच्या मळ्यांतून सुटलेल्या माणसांच्या अंगावरचे वळ अजून ओलेच होते.

दोन्हीकडून गळालेला माणूस

एवढी माणसे होती तर मग हा नवा जोडशब्द कशाला लागला? कारण ती माणसे दोन्ही यादींतून गळत होती.

लॅटिन अमेरिकेच्या पुष्कळ देशांनी स्वातंत्र्य मिळाल्यावर सांगितले, आमच्याकडे काळा-गोरा भेद नाही. आमचे सगळे रक्त एकमेकांत मिसळले आहे, आम्ही सारे एक. ऐकायला किती गोड! पण काळा मजूर मळ्यातच राहिला, काळी बाई गोऱ्याच्या घरी भांडीच घासत राहिली आणि ती तक्रार करू लागली की उत्तर मिळे, भेद नाहीच तर तक्रार कसली? ब्राझीलमध्ये तर गुलामगिरी संपत असताना युरोपातून गोरी माणसे आणून देश "उजळ" करण्याचे धोरणच होते. "आता कुठे जात राहिली आहे?" हे वाक्य आपण कचेऱ्यांत, कॉलेजांत आणि सोसायट्यांच्या सभांत ऐकत आलो आहोत. त्याचीच ही लॅटिन आवृत्ती.

मेक्सिकोचे उदाहरण पाहा. विसेंते गेरेरो हा तिथल्या स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी. त्याच्या अंगात आफ्रिकी पूर्वजांचे रक्त होते. तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८२९ साली त्याने गुलामगिरी बंद केल्याचे जाहीर केले. संयुक्त संस्थानांच्या कितीतरी आधी! आजही त्या देशातल्या एका राज्याला त्याचे नाव आहे. पण ज्या समाजातून तो आला, त्याची मोजणी त्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या केलीच नाही. २०१५च्या पाहणीत प्रथम राष्ट्रीय पातळीवर लोकांना विचारले गेले, तुम्ही आफ्रिकी वंशाचे आहात काय? २०१९ साली मेक्सिकोच्या राज्यघटनेत त्यांची नोंद झाली. २०२०च्या जनगणनेत सुमारे पंचवीस लाख लोक, म्हणजे शंभरातले दोन, "होय, आम्ही आहोत" असे म्हणाले. कालपर्यंत कागदावर नसलेली पंचवीस लाख माणसे!

दुसरी यादी संयुक्त संस्थानांतली. क्युबाचा किंवा पोर्तो रिकोचा काळा माणूस न्यूयॉर्कला आला की तिथले काळे त्याला म्हणत, तू स्पॅनिश बोलतोस, तू आमचा नव्हेस. त्याच्याच मुलखातले गोरे लॅटिनो म्हणत, तू काळा, तू आमच्यासारखा नव्हेस. दूरदर्शनवर लॅटिनो कुटुंब दाखवायचे तर गोरे दाखवायचे, काळे कुटुंब दाखवायचे तर इंग्रजी बोलणारे. मधला माणूस कुठेच नाही.

अशाच एका मधल्या माणसाचे नाव आर्तुरो शोम्बर्ग. जन्म १८७४, पोर्तो रिको. न्यूयॉर्कला येऊन त्याने पोटासाठी साध्या नोकऱ्या केल्या आणि मिळेल त्या पैशातून जगभरच्या काळ्या माणसांनी लिहिलेली व त्यांच्याविषयीची पुस्तके, पत्रे, चित्रे गोळा केली. स्पॅनिश जाणणारा असल्याने इंग्रजीच्या बाहेरचे काळ्यांचे कर्तृत्वही त्याला दिसत होते. १९२६ साली त्याचा हा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घेतला. हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत आज शोम्बर्गच्या नावाचे मोठे संशोधन केंद्र उभे आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते याच हार्लेमच्या शेजारी. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. ज्याच्याजवळ आपल्या इतिहासाचे पुस्तक नाही, त्याला कोणीही कोणतेही नाव देते. पुढे १९४६ साली अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करीत आहेत असे कळल्यावर बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहून त्याची प्रत मागितली होती. बाबासाहेबांची नजर किती दूरवर होती ती पाहा.

आपले आफ्रिकी

इथवर ऐकून कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडची ही कथा भिवंडीला काय कामाची? तर मग अरबी समुद्राकडे तोंड करू या.

भिवंडी आणि कल्याण हा मुलूख १६३६ साली निजामशाही बुडेपर्यंत अहमदनगरच्या निजामशाहीत होता. त्या निजामशाहीच्या अखेरच्या काळातला सर्वांत कर्तबगार माणूस कोण? मलिक अंबर. सुमारे १५४८ साली आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून फिरत दख्खनला पोचला आणि अखेरीस त्याने दिल्लीच्या मोगलांना पंचवीसेक वर्षे थोपवून धरले. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत नावाजली गेली. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे एके काळी आपल्या या मुलखाचा कारभार एका आफ्रिकी माणसाच्या हाती होता! अशा माणसाला काय म्हणायचे? आफ्रिकी की दख्खनी? त्याला अर्धा कापून कसे चालेल?

रायगड जिल्ह्यातल्या मुरूडचा जंजिरा आपण शाळेच्या सहलीत पाहतो. तिथले सिद्दी राज्यकर्ते आफ्रिकी वंशाचे, आणि ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. पण सिद्दी म्हणजे नुसते नवाब नव्हेत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानांत हजारो गरीब सिद्दी राहतात. शेतमजुरी करतात, रानातले जिन्नस गोळा करतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून रानात शिरले, असे सांगितले जाते. ज्या पोर्तुगीजांनी आफ्रिकेची माणसे ब्राझीलला नेली, त्यांनीच ती गोव्याला आणली. एकाच मालकाने एका भावाला पश्चिमेला विकले, एकाला पूर्वेला. पश्चिमेकडच्याचे वंशज आज पोर्तुगीज बोलतात. पूर्वेकडच्याचे वंशज कोकणी, कानडी, मराठी, उर्दू बोलतात. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती आहेत.

या सिद्दींनाही तोच अनुभव. शहरात आले की लोक विचारतात, कुठल्या देशाचे? अस्खलित कानडी बोलले तरी विश्वास बसत नाही. २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतले गेले. २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधान परिषदेत नियुक्त झाले, त्या समाजातले पहिले आमदार. गुजरातेत गीरच्या जंगलाजवळच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांनी आपल्या समाजातल्या बायांना बचतीच्या आणि शिक्षणाच्या मार्गाला लावले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नावाला मान मिळतो तो असा, कामातून आणि कागदातून.

आणि आपण? 'हबशी' हा शब्द मूळचा 'हबश' म्हणजे इथिओपियाचा माणूस एवढ्याच अर्थाचा. आपल्या मराठीत तो शिवीसारखा वापरला जातो. सावळ्या पोराला "हबशा" म्हणून चिडवणारे आपल्याही वस्तीत आहेत. वधू-वर जाहिरातीत "गोरी, सडपातळ" असे छापून आणणारेही आपल्याच घरातले आहेत. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. तो अभिमान मिरवायचा आणि घरात सावळ्या मुलीला हळद-बेसन चोळत बसायचे, हे एकत्र कसे जमणार? माता-भगिनींनो, याचा विचार आपणच करायचा आहे.

दिलेले नाव आणि घेतलेले नाव

आता पुन्हा भिवंडीच्या गल्ल्यांत या. इथल्या विणकरांना उत्तरेत 'जुलाहा' म्हणत आणि त्या शब्दात तुच्छता असे; विणणाऱ्याच्या बावळटपणावर म्हणी होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या समाजाने संघटना केल्या आणि ठरवले, आम्ही 'मोमीन', आम्ही 'अन्सारी'. धंदा तोच, माग तोच, माणूस तोच. पण नाव आता त्यांनी स्वतः घेतलेले होते.

आपण हेच केले, आणि त्याहून मोठे केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वाडवडिलांनी नुसते नाव बदलले नाही, जुनी वाट सोडून धम्माची वाट धरली. पण पुढे काय झाले? सरकारी कागदांनी आपल्याला म्हटले 'नवबौद्ध'. आजही वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या कागदांवर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे छापलेले दिसते. ज्या मुलीचे आजोबा बौद्ध, वडील बौद्ध आणि जी स्वतः जन्माने बौद्ध, ती 'नव' कशी? हा शब्द आपण घेतलेला नाही, तो आपल्याला दिलेला आहे.

त्यातून आणखी एक पेच. १९५०च्या आदेशाप्रमाणे हिंदूंखेरीज सहसा कोणी अनुसूचित जातीत बसत नव्हता. १९५६ साली शीखांची भर पडली. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या माणसांपुढे सवाल होता. धर्म खरा लिहायचा की मुलाच्या पोटाकडे पाहायचे? किती घरांत बाप दारावर पंचशील ध्वज लावायचा आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळेच लिहायचा! आजही जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या दाखल्यासाठी यादीतले जुने नाव, अशी दोन खाती आपल्याला सांभाळावी लागतात. कोणी म्हणतो, बौद्ध झालात तर जात कशाला सांगता? कोणी म्हणतो, जात सांगता तर बौद्ध कसले? पुन्हा तेच, "दोन्हींतलं एक काहीतरी."

आफ्रो-लॅटिनो हा शब्द या आग्रहाला दिलेले उत्तर आहे. तो रक्ताचे माप सांगत नाही, अर्धे हे आणि अर्धे ते असे म्हणत नाही. तो म्हणतो, मी पूर्ण काळा आहे आणि पूर्ण लॅटिनो आहे. माझ्यावर झालेला अन्याय दोन्ही नावांनी झाला आहे, म्हणून मी दोन्ही नावे सांगणार. मागावरच्या कामगाराला हे समजावून सांगायला नको. ताणा काढला किंवा बाणा काढला तर राहतो तो धागा. कापड राहत नाही.

शब्दाचा वापर कसा करावा?

कोणताही शब्द वापरताना तारतम्य हवे. ब्राझीलमध्ये, कोलंबियात, क्युबात माणूस आपल्या देशाचे नाव लावून आफ्रो-ब्राझिली, आफ्रो-कोलंबियन असे म्हणतो. 'आफ्रो-लॅटिनो' हा शब्द अधिक ऐकू येतो तो संयुक्त संस्थानांत. फुटबॉलचा राजा पेले आपल्या सगळ्यांना माहीत. तो आफ्रिकी वंशाचा ब्राझिली. पण ब्राझील पोर्तुगीज बोलणारा देश असल्याने संयुक्त संस्थानांच्या सरकारी व्याख्येत, जी स्पॅनिश संस्कृतीवर बेतलेली आहे, ब्राझीलचा माणूस सहसा धरला जात नाही! शब्दांच्या सीमा अशा. म्हणून समोरच्याने स्वतःला जे म्हटले तेच आपण म्हणावे.

संयुक्त संस्थानांत २०२० साली झालेल्या एका पाहणीत सुमारे साठ लाख प्रौढांनी स्वतःला आफ्रो-लॅटिनो म्हटले. गंमत अशी की वंशाच्या रकान्यात त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्श्यानेच 'काळा' ही खूण केली. कित्येकांनी 'गोरा' म्हटले, कित्येकांनी 'इतर'. माणूस एक आणि रकाना त्याला पुरत नाही, हे यावरून दिसते. २०२४ साली तिथल्या सरकारने वंश आणि लॅटिनोपण हे दोन वेगळे प्रश्न एकत्र करून एकच प्रश्न करायचे ठरवले. एकाहून जास्त खुणा करता येतात हे खरे, पण लोक एकाच 'लॅटिनो' खुणेवर थांबतील आणि काळे लॅटिनो पुन्हा मोजणीतून गळतील, अशी भीती आफ्रो-लॅटिनो कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. रकाना छापणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते!

आणि ही माणसे नुसती नावावर थांबलेली नाहीत. १९९२ साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये निरनिराळ्या देशांच्या काळ्या स्त्रिया एकत्र आल्या; तेव्हापासून २५ जुलै हा त्यांचा दिवस पाळला जातो. २००० साली चिलीतल्या सांतियागोच्या परिषदेत 'आफ्रिकी वंशज' हे नाव सर्व देशांच्या कार्यकर्त्यांनी उचलून धरले. पुढच्याच वर्षी, २००१ साली, दक्षिण आफ्रिकेत दरबानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. तिथे ते होते, आणि जातीचा प्रश्न जगापुढे मांडायला गेलेले आपलेही कार्यकर्ते होते. त्यांचे नाव कागदावर आले. आपल्या जातीच्या प्रश्नाला आपल्याच सरकारने विरोध केला आणि तो अंतिम कागदात येऊ दिला गेला नाही. हा फरक विसरू नये.

म्हणूनच ही चर्चा केवळ माहितीसाठी नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध मोजले गेले, देशातल्या सुमारे ८४ लाखांपैकी. म्हणजे दर चार बौद्धांमागे तीन आपल्या राज्यातले. पण ज्यांनी दुसरेच काही लिहिले किंवा ज्यांच्या वतीने दुसऱ्याने लिहिले, ते या आकड्यात नाहीत. आता २०२७च्या जनगणनेत प्रत्येकाची जातही विचारण्याचा निर्णय २०२५ साली झाला आहे. धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. बौद्ध म्हटल्याने १९९० नंतर अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, आणि हक्कासाठी जुन्या जातीची नोंद केल्याने कोणी कमी बौद्ध होत नाही.

तेव्हा मोजणीची वेळ येण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. आजी-आजोबांना १९५६ची आठवण विचारावी, मुलांना दाखल्यावरचे शब्द वाचायला लावावेत, कोणत्या रकान्यात काय सांगायचे ते ठरवावे. घरी ज्या दिवशी माणूस येईल त्या दिवशी दार कोण उघडेल ते माहीत नसते. बहुधा आई कामावर असेल, बाप गोदामात असेल आणि दारात शाळकरी मुलगीच उभी असेल. तिला उत्तर पाठ नको, समजलेले हवे. आणि तिने सांगितलेले समोरच्याने नीट नोंदवले की नाही, हे तिने पाहून घ्यावे.